ईव्हीचं कूलंट गळतंय का? पुण्यातल्या गाडीमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न वर्षातून दोनदा उसळी मारतात. एकदा एप्रिल-मेमध्ये, कारण तेव्हा एसी दिवसभर चालू असतो. मग पावसाळ्यात, कारण तेव्हा पार्किंगमध्ये कोरडं असं काही उरतच नाही. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. घाईत असाल तर ३ आणि ९ वाचा, बाकीचे सवडीने. टाक्यांची संख्या, कूलंटचा प्रकार आणि तपासणीची रीत मॉडेलप्रमाणे बदलते. तुमच्या मॅन्युअलमध्ये वेगळं लिहिलं असेल तर मॅन्युअलचंच ऐका.

१. इंजिनच नाही, मग ईव्हीत कूलंट कशाला लागतं?

बॅटरी, मोटर, इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरला चालेल अशी करून देणारा) आणि ऑनबोर्ड चार्जर (गाडीत बसवलेला), सगळेच काम करताना तापतात. लिथियम-आयन बॅटरीला साधारण १५ ते ३५ अंश सेल्सिअस मानवतं. एप्रिलच्या दुपारी डांबरावर उभी असलेली गाडी ती मर्यादा नुसती उभ्या उभ्या ओलांडते, फास्ट चार्जिंगची उष्णता तर वेगळीच. म्हणून बॅटरीला लागून थंड पट्ट्या बसवलेल्या असतात आणि त्यांतून ग्लायकॉल-पाण्याचं मिश्रण इलेक्ट्रिक पंप फिरवत राहतो. हे मिश्रण आधी पुढच्या रेडिएटरमध्ये थंड होतं. तेवढ्याने भागलं नाही की चिलर कामाला लागतो. चिलर म्हणजे एसीच्या गॅसने कूलंट गार करणारा छोटा हीट एक्स्चेंजर. त्याचं नाव लक्षात ठेवा, पुढे दोनदा येणार आहे.

पेट्रोल गाडीच्या मानाने ईव्हीतलं कूलंट कमी तापतं आणि त्यावर दाबही सहसा कमी असतो. त्यामुळे बॉनेटमधून वाफा, घाटात रस्त्याकडेला उभी गाडी, हातात पाण्याची बाटली घेतलेला ड्रायव्हर असला देखावा इथे क्वचितच दिसतो. गळती गुपचूप होते, आणि म्हणूनच मुद्दाम बघावी लागते.

२. माझ्या गाडीत कूलंट आहे की नाही, हे कसं ओळखू?

बॉनेट उघडून मॅक्स-मिनच्या खुणा असलेली अर्धपारदर्शक टाकी दिसते का बघा. टाटा नेक्सॉन ईव्ही, एमजी झेडएस ईव्ही, महिंद्रा एक्सयूव्ही४०० यांची बॅटरी कूलंटवर थंड होते. सिट्रोएन ईसी३ची बॅटरी हवेवर थंड होते. पण बॅटरी हवेवर आहे म्हणजे गाडीत कूलंटच नाही, असं समजू नका. परदेशात भरपूर खपलेल्या निसान लीफची बॅटरी हवेवर थंड होते, तरी तिच्या मोटर-इन्व्हर्टरला कूलंट आहेच. स्कूटरवाल्यांनी निश्चिंत असावं, बहुतेक इलेक्ट्रिक स्कूटरमध्ये कूलंट नसतंच.

३. गाडीखाली पाणी साचलंय. एसीचं की कूलंट?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि बहुतेक वेळा उत्तर ‘एसीचं’ असंच निघतं. तरी खात्री करून घ्यावी.

आधी जागा बघा. एसीचं पाणी साधारणपणे पुढच्या डाव्या सीटसमोर, पाय ठेवायच्या जागेच्या खाली, गाडीच्या मध्याच्या बाजूला पडतं. अगदी नाकाखाली, रेडिएटरच्या रेषेत किंवा बॅटरीच्या पुढच्या कडेला डाग असेल तर संशय घ्या. मग त्या जागी पांढरा पुठ्ठा सरकवा. ऑनलाइन मागवलेल्या सामानाचा खोका घरात असतोच, त्याची आतली बाजू पांढरी असेल तर उत्तम, नाहीतर वर कोरा कागद चिकटवा. रात्रभर राहू द्या.

सकाळी पुठ्ठा नुसताच ओला होऊन सुकलेला असेल, डाग नाही, वास नाही, तर ते एसीचं पाणी. कूलंटला बहुधा रंग असतो. हातमोजा घालून बोटांत चोळलं तर ते बुळबुळीत लागतं, वास किंचित गोडसर येतो. मुख्य म्हणजे ते लवकर सुकत नाही. पाण्याचा थेंब फरशीवरून दुपारपर्यंत उडून जातो, ग्लायकॉलचा चिकट ओलावा दिवसेंदिवस तसाच राहतो. चाटून बघायचा मोह मात्र आवरा, ते विष आहे (प्रश्न १९).

आणखी दोन तोतये असतात. पुढच्या चाकाजवळ रंगीत पण शाम्पूसारख्या वासाचं काही दिसलं तर ते वायपरच्या टाकीतलं पाणी. पावसाच्या डबक्यावर इंद्रधनुषी तवंग आला तर ते तेल: ईव्हीच्या गिअरबॉक्समध्येही तेल असतं. नाहीतर शेजारच्या डिझेल गाडीचा प्रसाद.

एवढं करूनही जमिनीवरचा डाग म्हणजे फक्त संशय. निकाल टाकीतली पातळी देते. डाग आहे आणि पातळी महिनाभर जागची हललेली नाही, तर विषय संपला.

४. मी गाडीत नव्हतो, एसी बंद, गाडी फक्त चार्जिंगला लावलेली. तरी खाली पाणी कसं?

तुमचा एसी बंद असेल, बॅटरीचा नव्हता. चार्जिंग करताना बॅटरी तापली की गाडी स्वतःहून कॉम्प्रेसर सुरू करते आणि चिलरमधून कूलंट गार करते. दमट हवेत त्या गार नळ्यांना घाम सुटतो आणि तो खाली ठिबकतो. जुलैत, विशेषतः फास्ट चार्जिंगनंतर, हे अगदी नेहमीचं आहे. अॅपवरून केबिन आधी थंड करून ठेवत असाल तर त्याचंही पाणी पडतं. कसोटी प्रश्न ३ मधलीच.

५. कूलंटची पातळी नेमकी कधी आणि कशी बघायची?

सकाळी, रात्रभर उभी राहिलेली गाडी बाहेर काढायच्या आधी. चार्जिंगची गन काढलेली, गाडी बंद. कूलंट गरम असेल तर पातळी वर दिसते, त्यामुळे ऑफिसातून आल्यावर बघितलेल्या पातळीवर विसंबू नका.

जमीन सपाट हवी. हे वाचायला सोपं वाटतं, पण आपल्या सोसायट्यांची बेसमेंट पाणी वाहून जावं म्हणून उतरती केलेली असतात आणि कित्येक गाड्या रॅम्पच्या टोकाला उभ्या असतात. गाडीचं नाक खाली किंवा वर असेल तर टाकीतली रेषाही तिरकी होते. दर वेळी त्याच जागी, त्याच दिशेने उभ्या असलेल्या गाडीची पातळी बघितली तरी चालेल, कारण आपल्याला बदल पकडायचा आहे.

काही मॉडेलमध्ये बॉनेटखाली भलंमोठं प्लॅस्टिक कव्हर असतं आणि टाकी त्याखाली दडलेली असते. खुंट्या दाबून कव्हर निघतं. ओढाताण केली तर खुंट्या तुटतात आणि मग कव्हर आयुष्यभर खडखडत राहतं. टाकीच्या मागून मोबाइलचा टॉर्च धरला की पातळीची रेषा स्पष्ट दिसते. तरी दिसेना तर गाडीला हलकासा धक्का द्या, हलणारी रेषा डोळ्याला लगेच सापडते. झाकण उघडायची गरज नाही. गाडी नुकतीच चालवली असेल तर अजिबातच उघडू नका.

महिन्यातून एकदा पुरे. कोकणात उतरायच्या किंवा महाबळेश्वर चढायच्या आदल्या सकाळी एकदा जास्तीचं. फोटो काढून ठेवा, त्यावर तारीख आपोआप पडते. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर ‘मला वाटतं थोडी कमी झालीय’ या वाक्यापेक्षा चार महिन्यांचे फोटो जास्त कामाला येतात.

६. माझ्या गाडीत दोन टाक्या आहेत आणि दोन्हींची पातळी वेगळी. चूक कोणती?

बहुधा कोणतीच नाही. बऱ्याच ईव्हींत बॅटरीचं एक आणि मोटर-इन्व्हर्टरचं दुसरं, अशी वेगळी चक्रं असतात. काहींत केबिन हीटरचं तिसरंही असतं. त्यांच्या पातळ्या एकमेकींशी जुळायला हव्यात असा नियम नाही. प्रत्येक टाकी स्वतःच्या मिन-मॅक्सच्या मध्ये असली की झालं. एकीतलं काढून दुसरीत ओतणं मात्र कधीच करू नये, दोन्हींतलं कूलंट वेगळ्या प्रकारचं असू शकतं (प्रश्न ११).

७. पातळी किती उतरली की लीक समजायचं?

मिलिमीटरचा आकडा सगळ्या गाड्यांना सारखा लावता येत नाही. कूलंट हे विंडस्क्रीनच्या पाण्यासारखं वापरून संपणारं द्रव नाही. बंद चक्र आहे. त्यामुळे किती उतरली यापेक्षा पुन्हा उतरली का, हे जास्त महत्त्वाचं. टाकीवर पातळीला लागून चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावा, त्यावर पेनने तारीख घाला आणि तीन-चार आठवड्यांनी तशाच थंड सकाळी बघा. डिसेंबरच्या पहाटे मे महिन्यापेक्षा रेषा थोडी खाली दिसणं स्वाभाविक आहे.

अपवाद एक. नवी गाडी, किंवा नुकतंच कूलंट भरलेली गाडी. पाइपांत अडकलेली हवा हळूहळू बाहेर पडते तशी पातळी एकदा उतरते आणि मग थांबते. दुसऱ्यांदा उतरली तर ती हवा नव्हे.

८. गळती शोधायला कुठे कुठे बघू?

गाडी बंद, चार्जर काढलेला, बॉनेट थंड. नारिंगी रंगाच्या केबल आणि त्यांचे जोड हाय व्होल्टेजचे, त्यांना हात लावायचा नाही. जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचं नाही. ही तपासणी डोळ्यांनी आणि टॉर्चने करायची आहे, पान्याने नव्हे.

टाकीपासून सुरुवात करा. प्लॅस्टिकच्या दोन अर्ध्या भागांचा जोड टाकीच्या पोटातून जातो, तिथे केसाएवढी चीर पडू शकते. झाकणाभोवती वाळलेली पांढरी किंवा रंगीत पापडी आहे का बघा. ओल्या डागापेक्षा ही पापडी शोधणं सोपं असतं, कारण पाणी उडून गेलं तरी कूलंटमधली रसायनं मागे राहतात.

टाकीतून निघणारे रबरी पाइप जिथे कुठे शिरतात, तो प्रत्येक जोड टॉर्चखाली बघा. क्लिपखाली, क्विक-कनेक्टरच्या कॉलरखाली, टी-जोडाच्या कोपऱ्यात. संशय आला तर जोडाखाली पांढरा टिश्यू टेकवा आणि लगेच काढा. कोरड्या दिसणाऱ्या जोडाखालून टिश्यूवर फिकट गुलाबी किंवा निळी कड उमटली की समजा, सापडलं. मग पंप: त्याच्या अंगाखाली ओघळ आहे का? मग रेडिएटर: त्याच्या पुढच्या जाळीत एखादी ओली, धूळ चिकटलेली पट्टी दिसते का? हायवेवर ट्रकच्या मागे लागून चालवणाऱ्यांच्या रेडिएटरला खडीचा मार बसतो.

शेवटी जमिनीशी वाकून बॅटरीची पुढची कड बघा, कूलंटचे आत-बाहेरचे पाइप अनेक गाड्यांत तिथे असतात. यापुढचं घरी दिसत नाही. गाडीचं पोट प्लॅस्टिक कव्हरांनी झाकलेलं असतं आणि गळलेलं कूलंट त्या कव्हरांवरून वाहत जाऊन भलतीकडेच ठिबकतं. जिथे थेंब पडला तिथेच वरती भोक, हा हिशेब ईव्हीत चुकतो.

९. खाली एकही थेंब नाही, पण पातळी उतरतेय. असं कसं?

हा प्रश्न विचारणारे कमी, पण त्यांनाच मी सगळ्यात आधी उत्तर देतो. कूलंट कुठेतरी जातंय आणि ते कुठे जातंय हे दिसत नाहीये.

साधी कारणं आधी. खालच्या कव्हरात ते साचून राहिलेलं असतं आणि एखाद्या दिवशी स्पीडब्रेकरवर भसकन सांडतं. किंवा रेडिएटरवर इतकं बारीक पाझरतं की पाणी जागच्या जागी उडून जातं. ज्या गाड्यांत केबिन गरम करायला कूलंटच वापरतात, तिथे ते डॅशबोर्डच्या आत गळू शकतं: पायाखालचं कार्पेट चिकट ओलं, आत गोडसर वास आणि काचेवर पुसून न जाणारी तेलकट वाफ.

चिलर आतून फुटला तर उलटंच होतं. एसीच्या गॅसचा दाब कूलंटपेक्षा कितीतरी जास्त असल्याने गॅस कूलंटमध्ये घुसतो. टाकीत बुडबुडे येतात, पातळी वर चढते, कधी झाकणातून बाहेर येते आणि एसी मंदावतो. त्यामुळे विनाकारण वाढलेली पातळीही तक्रारच आहे.

आणि मग उरतं गंभीर कारण: बॅटरी पॅकच्या किंवा मोटरच्या आत गळती. मोटरच्या बाबतीत हे जुन्या टेस्ला मॉडेल एसच्या मागच्या ड्राइव्ह युनिटमध्ये घडलेलं आहे. सील झिजून कूलंट मोटरमध्ये शिरायचं आणि बाहेर थेंबही दिसायचा नाही. कूलंट वीज वाहू शकतं, म्हणून ते आत शिरलं की हाय व्होल्टेजचा भाग आणि गाडीची बॉडी यांच्यातला इन्सुलेशन रेझिस्टन्स घसरतो. आपल्याकडच्या ईव्हींसाठीच्या एआयएस-०३८ मानकात डीसी भागासाठी तो किमान दर व्होल्टला १०० ओहम असावा लागतो, म्हणजे ३२० व्होल्टच्या बॅटरीला ३२ हजार ओहम. (एआयएस मानकं प्रसिद्ध करणारी एआरएआय, म्हणजे ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, आपण सकाळी ज्या टेकडीवर फिरायला जातो, तिथलीच.) गाडी हा रेझिस्टन्स स्वतः मोजत असते आणि तो घसरला की हाय व्होल्टेज किंवा इन्सुलेशनचा इशारा देते, कधी चार्जिंग नाकारते, कधी सुरूच होत नाही.

पातळी उतरतेय आणि असा इशाराही आला, तर चार्जिंगला लावू नका, चालवून सर्व्हिस सेंटरला नेऊ नका. शक्य असेल तर गाडी बेसमेंटमध्ये न ठेवता उघड्यावर, इतर गाड्यांपासून दूर ठेवा आणि फ्लॅटबेड (अख्खी गाडी पाठीवर घेणारा टोइंग ट्रक) बोलवा. इशारा नसेल, नुसती पातळी उतरत असेल, तर इतकी धावपळ नको. पण त्याच आठवड्यात दाखवा.

१०. डॅशबोर्डवर कुठलाच दिवा नाही. म्हणजे सगळं ठीक ना?

नाही. प्रत्येक गाडीच्या टाकीत पातळीचा सेन्सर नसतो, आणि असला तरी तो पातळी बरीच खाली गेल्यावरच बोलतो. आधी दिसणारी लक्षणं वेगळी असतात: पूर्वी त्याच चार्जरवर मिळणारा वेग आता मिळत नाही, चार्जिंगच्या वेळी पंखा जोरजोरात गरगरतो, डॅशबोर्डमागे खळखळ ऐकू येते, चढावर गाडी ताकद आवरती घेते. यातलं प्रत्येक लक्षण दुसऱ्या कारणानेही येऊ शकतं. ८० टक्क्यांनंतर फास्ट चार्जिंग मंदावणं तर सगळ्याच गाड्यांचा स्वभाव आहे. दोन लक्षणं एकत्र आली की बॉनेट उघडा.

११. कूलंट निळं, हिरवं, गुलाबी... रंगावरून प्रकार कळतो का?

नाही. रंग कंपनी स्वतःच्या मर्जीने घालते, त्याचं सर्वमान्य मानक नाही. ह्युंदाई-कियाच्या काही ईव्हींच्या बॅटरी चक्रात कमी वीजवाहक कूलंट असतं आणि ते निळं आहे. पण दुकानातलं प्रत्येक निळं कूलंट तसलं नसतं. लक्ष्मी रोडवर साडीला मॅचिंग शोधतात तसं कूलंट शोधू नये. मॅन्युअलमध्ये लिहिलेला प्रकार मागा. रंगाचा उपयोग एकाच कामासाठी: पार्किंगमधला डाग तुमच्या गाडीचा की शेजारच्या, हे ठरवायला.

१२. पातळी मिनच्या खाली गेलीय. घरचं पाणी टाकलं तर चालेल?

नळाचं नको. वाघोली-उंड्रीकडच्या टँकरचं किंवा बोअरचं तर नकोच. क्षारांमुळे अॅल्युमिनियमच्या पट्ट्या गंजतात, बारीक वाटा बुजतात आणि कूलंटची वीजवाहकता वाढते. पिण्याच्या सीलबंद बाटलीतल्या पाण्यातही क्षार असतात. बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर त्यातल्या त्यात निरुपद्रवी, पण तेही मॅन्युअल परवानगी देत असेल तर, थोडंसं, आणि सर्व्हिस सेंटरला आठवणीने सांगायचं. ते मिश्रण पातळ करतं आणि ज्या गाड्यांत खास कूलंट असतं तिथे चालत नाही.

दुसऱ्या प्रकारचं कूलंट भरणं पाण्यापेक्षा वाईट ठरू शकतं. दोन प्रकारची रसायनं एकत्र येऊन गाळ धरू शकतात. आणि काहीही भरलं तरी गळती तिथेच आहे, हे विसरू नका.

१३. एक्स्प्रेसवेवर, घाट चढताना कूलंट किंवा तापमानाचा इशारा आला तर?

डावीकडे घ्या, शोल्डरवर थांबा, हजार्ड दिवे लावा, माणसं रेलिंगच्या पलीकडे उभी करा. बोरघाटात ‘लोणावळ्यापर्यंत जाऊ कसंबसं’ हा हिशेब करू नका. बॉनेट लगेच उघडलं तरी टाकीचं झाकण उघडू नका. गार झाल्यावर इशारा गेला तरी पुढच्या थांब्यावर फास्ट चार्जिंग नको, कारण बॅटरीला कूलंटची सगळ्यात जास्त गरज तेव्हाच असते.

टोइंगवाल्याला आधीच सांगा: ईव्ही आहे, फ्लॅटबेडच पाहिजे. चाकं जमिनीवर ठेवून ओढली तर मोटर फिरते आणि वीज तयार करते. गाडीखालून फसफस, विचित्र रासायनिक वास किंवा धूर आला तर सामान आत राहू द्या, लांब जा आणि ११२ किंवा १०१ ला फोन करा.

१४. उंदीर कूलंटचे पाइप खातात का?

खातात. नाल्याकाठच्या सोसायट्या, हॉटेलांच्या मागच्या गल्ल्या, महिनाभर न हललेली गाडी ही त्यांची आवडती ठिकाणं. चार्जिंगनंतरची ऊब तर आयतीच. बॉनेटखाली लेंड्या, कुरतडलेला फोम, रबरावर दोन-दोन दातांचे चरे दिसतात का बघा. त्याच रात्री वायरींवरही हात मारलेला असू शकतो, म्हणून फक्त पाइप बदलून परत येऊ नका. तंबाखूची पुडी आणि डांबराच्या गोळ्यांवर माझा फारसा विश्वास नाही. जाळी आणि दर दोन दिवसांनी गाडी हलवणं जास्त चालतं.

१५. स्पीडब्रेकरवर पोट घासलं, किंवा छोटा अपघात झाला. गाडी नीट चालतेय. तरी तपासू?

हो, आणि एकदाच नव्हे. अमेरिकेत २०११ च्या मे महिन्यात सरकारी संस्थेने शेव्हरोले व्होल्टची क्रॅश चाचणी घेतली. बॅटरीला इजा झाली आणि आत कूलंट गळलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. सुमारे तीन आठवड्यांनी उभ्या गाडीने पेट घेतला. त्यानंतर कंपनीने बॅटरीभोवतीची चौकट मजबूत केली आणि कूलंटची पातळी ओळखणारा सेन्सर बसवला.

घाबरवायला हे सांगितलं नाही, तो चाचणीतला जबर धक्का होता. यातून घ्यायचं ते वेळापत्रक: घासल्यावर त्याच दिवशी खालचे फोटो आणि पातळी, मग आठवड्याने, मग तीन आठवड्यांनी. बॅटरीच्या केसला पोचा आला असेल तर वाट न बघता लिफ्टवर चढवून घ्या. सोसायटीच्या गेटमधल्या उंच स्पीडब्रेकरबद्दलची तक्रार वेगळ्या कागदावर.

१६. गाडी पुराच्या पाण्यात उभी होती. कूलंटमध्ये पाणी गेलं असेल का?

कूलंटचं चक्र बंद असतं, त्यामुळे पाणी आत जाणं अवघड. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्याच्या विसर्गानंतर सिंहगड रोडच्या एकतानगरीत पार्किंगं बुडाली, तसल्या पाण्यात खरा त्रास गाळाचा असतो. तो रेडिएटरच्या जाळीत, पंपाच्या कनेक्टरमध्ये, खालच्या कव्हरांत बसतो. बॅटरीवरचं आयपी६७, म्हणजे पाण्या-धुळीपासून बचावाचं रेटिंग, याचा अर्थ १ मीटर पाण्यात ३० मिनिटं, तेही चाचणीत. रात्रभर बुडालेल्या गाडीला ते लागू नाही. सुरू करून बघू नका, चार्जर लावू नका. बाकी प्रश्न ९ च्या शेवटी लिहिल्याप्रमाणे.

१७. नेहमीच्या मेकॅनिककडे दाखवू का? आणि दाखवताना काय विचारू?

होज क्लिप कोणीही आवळेल. पण पातळी खरंच उतरत असेल तर ईव्हीचं प्रशिक्षण घेतलेला माणूस हवा. विचारायचं हे: प्रेशर टेस्ट (चक्रात दाब देऊन गळती शोधणं) करणार का, आणि कंपनीने दिलेल्या दाबावरच ना? पेट्रोल गाडीच्या सवयीने जास्त दाब दिला तर पातळ पट्ट्यांना इजा होऊ शकते. नंतर हवा कशी काढणार? अनेक ईव्हींत त्यासाठी स्कॅनरवरून पंप चालवावा लागतो किंवा व्हॅक्यूमने कूलंट भरावं लागतं, नुसतं ओतून भागत नाही. इन्सुलेशन रेझिस्टन्सचा आकडा जॉब कार्डवर लिहून देणार का?

यूव्ही डाय, म्हणजे गळती दिसावी म्हणून कूलंटमध्ये घालायचा चमकणारा रंग, कंपनीची मान्यता असेल तरच. गळती बुजवणारं ‘लीक स्टॉप’ कुणी सुचवलं तर नमस्कार करून निघा. ते भोकाआधी बॅटरीच्या बारीक वाटा बुजवेल.

१८. खर्च वॉरंटीत बसतो की इन्शुरन्समध्ये?

आपोआप फुटलेला जोड किंवा पंप असेल तर वॉरंटी. बॅटरीची वॉरंटी आणि बाकी गाडीची वॉरंटी वेगळ्या मुदतीच्या असतात, पाइप कुठल्या यादीत येतो ते पुस्तिकेत बघा. दगड, अपघात असेल तर इन्शुरन्स. कूलंट स्वतः ‘कन्झ्युमेबल्स’मध्ये धरतात, त्याचं वेगळं अॅड-ऑन नसेल तर पैसे तुमचे. आणि साध्या पॉलिसीत परिणामी नुकसान वगळलेलं असतं. इशारा दिसूनही चालवत राहिलात आणि बॅटरी गेली, तर क्लेम तिथे अडकतो. म्हणून फोटो, तारखा, फ्लॅटबेडची पावती जपून ठेवा.

१९. सांडलेलं कूलंट सोसायटीतल्या कुत्र्या-मांजरांना घातक आहे का?

अतिशय. एथिलीन ग्लायकॉल गोड लागतं म्हणून ती ते चाटतात आणि थोड्याशाने मूत्रपिंडं निकामी होतात. झिंगल्यासारखी चाल, उलट्या दिसल्या तर उद्यावर ढकलू नका. उपचार पहिल्या काही तासांतच उपयोगी पडतात. लहान मुलांच्या बाबतीतही तेच, थेट हॉस्पिटल. डागावर वाळू किंवा लाकडाचा भुसा टाका, भरून पिशवीत बांधा, मग जागा साबणाने धुवा. पाइप लावून पावसाळी गटारात लोटू नका, ते पुढे मुठा नदीत जातं.

२०. जुनी ईव्ही घेताना कूलंटचं काय बघू?

विकणाऱ्याला आधी सांगून ठेवा की गाडी थंड असताना बघायची आहे. बॉनेट नुकतंच चकचकीत धुतलेलं असेल तर पापडीही धुतली गेलीय असं समजा. टाकी काठोकाठ भरलेली, तळाशी गढूळ, किंवा सर्व्हिस नोंदीत वारंवार ‘कूलंट टॉप-अप’: यातलं काहीही दिसलं तर प्रेशर टेस्टशिवाय व्यवहार नको. ट्रायल घेताना एक फास्ट चार्जिंग करून बघायला मिळालं तर सोन्याहून पिवळं.

२१. आमच्याकडे स्टॅक पार्किंग आहे. वरच्या ईव्हीतून माझ्या गाडीवर थेंब पडतात. कूलंट आहे का?

पावसाळ्यात बहुधा टपावरचं आणि चाकांतलं पाणी, उन्हाळ्यात एसीचं. तुमच्या टपावर रात्रभर पांढरा कागद चिकटवून प्रश्न ३ ची कसोटी लावा. चिकट, रंगीत निघालं तर आधी आपल्या गाडीवरचं भरपूर पाण्याने धुऊन टाका, वाळू देऊ नका. मग नोटीस बोर्डावर पाटी लावण्याआधी वरच्यांना कागद दाखवा. आणि त्यांनी पातळी बघायची ती गाडी खाली, सपाट जमिनीवर काढून. पॅलेटला उतार असतो, तिथे वाचलेल्या रेषेवरून दोन्ही घरांत वाद होईल.